चार किलो सरकारी चिखल

गजानन घोंगेची सरकारी जीप साफ झाली. इतकी साफ झाली, की तिच्या पायदानाच्या पत्र्यात बघून सावरगावच्या एका म्हाताऱ्यानं मिशा कातरल्या.

आता हे विसरून जा. जीप साफ झालेलीच नाही. तसं लेखी आहे, लेखीवर सही आहे आणि सहीवर शिक्का आहे. तेव्हा ती मळकी होती तिथूनच सुरू करू.

जीप होती पांढुर्ण्यातल्या एका सरकारी ऑफिसची. संत्र्याच्या बागांवर किती रोग पडले ते मोजणं, हे त्या ऑफिसचं काम. गजानन नऊ वर्षांपासून रोजंदारीवर जीप चालवत होता आणि नऊ वर्षांपासून पक्का होणार होता. चौऱ्यांशीच्या फेब्रुवारीत त्याची फाईल एकदाची छिंदवाड्याच्या साहेबांपुढं गेली. साहेब म्हणाले, सोमवारी मुआयन्याला म्हणजे तपासणीला येतो, जीप पाहतो आणि तिथंच सही करतो.

बडे बाबू सुधाकररावांनी जीपभोवती एक चक्कर मारली.

"गजानन, हे काय आहे बे?"

"पायदान हाय, बाबूजी."

"मले वाटलं वावर हाय."

बाबूंचं काही चुकलं नव्हतं. जीपची दोन्ही पायदानं आणि दोन्ही बंपर दाणेदार पत्र्याचे. पाय घसरू नये म्हणून त्या पत्र्यावर गव्हाएवढे दाणे उठवलेले असतात, आणि दाण्यांच्या मधल्या खाचांमध्ये नऊ वर्षांचे दौरे बसले होते. तळाला सौंसरची काळी माती, तिच्यावर तिगावचा मुरूम, मग ग्रीस, मग संत्र्याचा रस, मग पुन्हा सौंसर. मागच्या पावसाळ्यात डाव्या पायदानावर कपाशीचं एक झाडही आलं होतं. त्याला दोन बोंडं लागली. गजाननच्या आईनं त्यांच्या वाती वळल्या.

"रविवार संध्याकाळपर्यंत दाणा न् दाणा दिसला पायजे," बाबू म्हणाले.

रविवारी सकाळी गजाननानं जीप जाम नदीत घातली. पाणी घोट्याएवढंच होतं. त्यानं ती नेऊन बरोबर मधोमध उभी केली, आणि चूक झाली ती इथं.

जामच्या अलीकडं पांढुर्णा, पलीकडं सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि त्याच्यावरच्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून गोटे चालतात. उरलेलं वर्षभर दोन्ही काठ एकमेकांचे जावई असतात, पाहुणचार घेतात, ढेकर देतात. पण मधोमध काहीही उभं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. मग ते झाड असो की जीप.

गजाननानं धुण्याचा सोडा आणि नारळाची शेंडी घेऊन तासभर घासलं. एक दाणा चमकला. त्यानं बाकीचे मोजले. एकट्या डाव्या पायदानावर सहाशे बारा होते. या वेगानं सफाई त्याच्या रिटायरमेंटच्या आदल्या दिवशी संपली असती, आणि रिटायर व्हायला आधी पक्कं व्हावं लागतं.

पांढुर्ण्याच्या काठावर त्याची आई केसरबाई गोधड्या धूत होती. तिनं हे पाहिलं आणि लुगडं खोचून पाण्यात उतरली.

"हट बाजूले. दात घासून राहिला का जीपचे? चिंच लावा लागते, वरून राख."

ती डाव्या पायदानाला भिडली. तेवढ्यात पलीकडून गजाननची बायको चंद्रकला डबा घेऊन आली. तिचं माहेर सावरगावचं, आणि रविवार असल्यानं ती माहेरी होती.

"आत्याबाई, राखेनं नाई निघत ते. आमच्या सावरगावात रॉकेल लावतात."

"तुमच्या सावरगावात जीप तरी हाय का वं एखादी?"

"जीप नाई. रॉकेल हाय."

केसरबाई उभी राहिली. "असं? घे मंग उजवी बाजू."

झालं. अर्ध्या तासात डावीकडं पांढुर्ण्याच्या सतरा बाया आणि उजवीकडं सावरगावच्या अठरा. पांढुर्ण्यानं लगेच आणखी एक बोलावली. केसांतल्या पिना निघाल्या, स्वेटरच्या सुया निघाल्या, कडुनिंबाची दातणं निघाली. पुरुष दोन्ही काठांवर बसून ओरडू लागले. कोणीतरी डफ आणला. "सातवी ओळ! पांढुर्णा सातव्या ओळीत!" उजव्या पायदानातून सत्त्याहत्तर साली बदलून गेलेल्या साहेबाच्या पेनाचं टोपण निघालं, तेव्हा सावरगावकरांनी गुलाल उधळला. फेब्रुवारीत गुलाल कुठून आला, हे कोणी विचारलं नाही.

बाजूला होऊन जीपमध्ये बसलेला गजानन मदतीला उतरू लागला, तर दोन्ही बाजूंनी दार दाबून धरलं.

"तू कोनाकून हाय ते सांग पयले, मंग उतर."

एकीकडं आई, दुसरीकडं बायको. तो स्टिअरिंग धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिला. डाव्या खिडकीतून पोळी आली, उजवीकडून झुणका आला. कोणाचं मन मोडू नये म्हणून तो घास समोर, आरशाकडं बघून खात होता.

दिवस मावळताना पंचांनी सामना बरोबरीत सोडवला.

सोमवारी साहेब आले. बंपरमध्ये स्वतःचे दात पाहिले, खूश झाले. मग लॉगबुक उघडलं. नऊ वर्षांत बाराशे दौरे. साहेबांनी पुन्हा पायदान पाहिलं.

"ये गाडी दौरे पर जाती है?"

"जाते ना, साब."

"किधर से? आसमान से?"

फाईलवर सही झाली नाही, शेरा पडला: 'वाहनावर दौऱ्याच्या खुणा आढळल्यास विचार व्हावा. पुन्हा मुआयना पुढील सोमवारी.'

बडे बाबूंनी ऑफिसची अब्रू वाचवली. त्यांनी तिथल्या तिथं लिहिलं, 'सदर सफाई झालेली नाही. वाहन पूर्ववत मळके समजण्यात यावे,' आणि शिक्का मारला. पण साहेबांना खुणा डोळ्यांनी पाहायच्या होत्या.

गजाननला वाटलं, चिखलाला काय तोटा? मंगळवारी त्यानं सौंसरकडं एका ओलित केलेल्या बागेत जीपचे सात फेरे घातले आणि बॉनेटपर्यंत माखून नवरदेवासारखा गावात परत आला.

बुधवारी सकाळी डावी बाजू लखलखत होती. "आमच्या बाजूले डाग?" असं म्हणत पांढुर्ण्याच्या बाया पहाटेच येऊन गेल्या होत्या. नऊ वाजेपर्यंत सावरगाव नदी ओलांडून आलं आणि उजवी बाजू चमकली. गुरुवारी तेच. शुक्रवारी त्यानं जीप तिगाव स्टेशनामागं लपवली. तिथं पॅसेंजरची वाट पाहत असलेल्या पांढुर्ण्याच्या एका बाईनं ती ओळखली आणि पदरानं डावं पायदान पुसलं. तिची गाडी सुटली, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही. शनिवारी हे सावरगावात कळलं.

शनिवारी रात्री जेवताना गजाननानं ताटावर हात जोडले.

"माय, नऊ वर्षांत पयल्यांदा पक्का होऊन राहिलो मी. दोन दिवस चिखल राहू द्या ना बापा."

"मी कोठी नाई म्हणून राहिली?" केसरबाई म्हणाली. "पयले तिच्या बाजूले लाव."

"लावा ना," चंद्रकला म्हणाली. "पयले आत्याबाईच्या बाजूले."

तिघंही जेवली. झुणका छान झाला होता.

रविवारी गजाननानं अर्ज लिहिला. बडे बाबू म्हणाले, याचं हिंदी करून मीच पाठवतो, आणि अर्ज त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवरला कुलूप लावलं. अर्ज असा:

'प्रति, माननीय साहेब, मुक्काम छिंदवाडा. विषय: चिखल मिळणेबाबत. महोदय, सविनय निवेदन आहे की सेवकास शासनाकडून चार किलो चिखल मिळावा. पैकी दोन किलो डाव्या व दोन किलो उजव्या पायदानास, तोलून, एकाच क्षणी लावण्यात यावा. चिखल जाम नदीच्या बरोबर मधोमधचा असावा व तसा पटवाऱ्याचा दाखला सोबत असावा. प्रत्येक खाचेवर शासनाचा शिक्का असावा. साहेबांची सही होईपर्यंत सदर चिखलाच्या रक्षणार्थ दोन बंदूकधारी शिपाई नेमण्यात यावेत, आणि त्या दोघांचीही आई व बायको एकाच गावची असावी, ही नम्र विनंती.'