सगळ्यांनी रंगवलेले दार

मी एक जुने लोखंडी फिरते दार आहे. इंग्लंडच्या उत्तरेला क्रॅगथॉर्प नावाचे गाव आहे, तिथल्या रग्बीच्या मैदानावर मी उभे असते. एका वेळी एकाच माणसाला आत सोडायचे, हे माझे काम. मित्रांनो, मी दार असले तरी मला पोटभर बोलायला आवडते, तेव्हा जरा ऐकून घ्या.

माझा जन्म इथल्याच नदीकाठच्या लोखंडाच्या ओतशाळेत झाला. तेव्हा गिरण्या चालू होत्या. सुट्टीच्या दिवशी माणसे अशी लोटत, की माझे दांडे दिवसभर तापलेले राहत. बाप आपल्या पोरांना माझ्यावरून उचलून आत घेत आणि मी काणाडोळा करी. माझी खटखट ऐकली की जेवण पचते, असे लोक म्हणत. मला त्याचा फार अभिमान होता.

माझ्याशेजारच्या तिकिटांच्या खोक्यात अर्नल्ड हिंचक्लिफ बसे. तरुणपणी बसला, तो म्हातारा होईपर्यंत तिथेच. त्याची बायको मार्जरी इथल्या रग्बी संघापायी वेडी होती. ती गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिची राख मैदानाच्या टोकाला, गोलच्या खांबांमागच्या गवतात विखुरली. आमच्याकडे असे पुष्कळजण करतात.

पुढे गिरण्या बंद पडल्या, संघ हरू लागला आणि एका श्रीमंत माणसाने तो विकत घेतला. तो गाडीतून मागच्या फाटकाने येई. मला त्याने कधी हातसुद्धा लावला नाही. मैदान विकून तिथे घरे बांधायचा त्याचा बेत होता. तो जमेना, तेव्हा एका हिवाळ्यात तो सगळे वाऱ्यावर सोडून निघून गेला. मला कुलूप लागले. मी गंजले. अर्नल्ड रोज कुंपणापाशी येऊन गोलखांबांकडे बघत उभा राही. मार्जरीच्या डोक्यावर कुणाचे तरी स्वयंपाकघर येणार, या विचाराने त्याला झोप लागत नसे.

शेवटी गावाने ठरवले, की संघ आपणच घ्यायचा. कुणी थोडे पैसे दिले, कुणी बरेच दिले, पण मत प्रत्येकाला एकच. अर्नल्ड मालक झाला, चिप्स तळणारी बेरिल मालकीण झाली. मात्र सामने भरवणाऱ्या लीगने बजावले, की मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी मैदान तपासणीत पास झाले नाही, तर संघाची लीगमधली जागा जाईल. आणि ती गेली की मैदानही विकले जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

मग काय, सगळे मालक कामाला लागले. आणि तिथेच घोटाळा झाला. जो येई, त्याला वाटे, बिचाऱ्या दाराकडे कुणाचे लक्षच नाही. तो माझ्यावर पिवळ्या रंगाचा एक हात मारून जाई. पहिला थर ओला असतानाच दुसरा बसे. आमच्या दमट हवेत रंग लवकर वाळत नाही. मी आतून गुदमरत होते, पण दाराला विचारतो कोण?

तपासणीच्या सकाळी नगरपालिकेच्या बाई आल्या आणि त्यांनी मला ढकलले. मी हलले नाही. अर्नल्डने खांदा लावला, तरी हलले नाही.

"हे रंगवलंय कुणी?" बाईंनी विचारले.

मग अर्नल्डने हळूच हात वर केला. त्याच्यामागे आणखी एक हात वर झाला, मग आणखी एक. बघता बघता सगळ्यांचेच हात वर.

"लिहून घ्या बाई," बेरिल म्हणाली, "ठराव एकमताने मंजूर."

बाईंनी तोंडावर हात धरला, पण हसू लपले नाही. चहा होईपर्यंत थांबते, म्हणाल्या. मग कुणी चहाच्या पिंपातले उकळते पाणी माझ्यावर ओतले, कुणी खरवडणी आणली, आणि बेरिलने चिप्स तळायची चरबी माझ्या सांध्यांत भरली. सगळ्यांनी मिळून जोर केला. मी करकरले, अडले आणि खट्‌कन फिरले. मित्रांनो, इतके हलके मला जन्मात वाटले नव्हते. बाईंनी कागदावर सही केली. अर्नल्ड खोक्यात जाऊन बसला आणि रडला.

पहिला सामना आम्ही सपाटून हरलो. कुणाला त्याचे काही वाटले नाही. मालक असूनही सगळे रांगेत उभे राहून तिकीट काढून आले, आणि चिप्सचा वास येतोय म्हणून माझी थट्टा करून गेले.

मित्रांनो, जे आपले आहे त्याला जरूर जपा. फक्त हात लावण्याआधी शेजाऱ्याला एकदा विचारा, "तू केलंस का रे?" आमचे मालक आता विचारतात.

त्या पहिल्या सामन्याच्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी अर्नल्डने बेरिलला खोक्यात बसवले. तो बाहेर गेला, रांगेच्या शेवटी उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून माझ्यातून आत आला. बसायच्या जागेकडे तो वळला नाही. सरळ गोलखांबांमागे गेला, टोपी काढली आणि गवताला म्हणाला, "आता कुणी उठवणार नाही गं तुला."