भुयारी मेट्रोला हसणारी मोटार

मी एक जुनी पांढरी मोटार आहे, अठरा वर्षांची. रियाधमध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून माझं डोकं फिरलंय. मित्रांनो, एवढे रुंद रस्ते सोडून माणसं जमिनीखाली जातात! मेल्या घुशी कुठल्या!

माझे मालक रत्नाकर माझ्याच मताचे. तेल कंपनीत इंजिनिअर, पण माझ्या रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतणार. म्हणे, काय फरक पडतो? असल्या इंजिनिअरपुढे हातच टेकले. मेट्रोला नावं ठेवायला मात्र सगळ्यांत पुढे.

त्यांची मुलगी तन्वी शाळेच्या प्रोजेक्टचं मागच्या सीटवर मोठ्याने वाचायची. लंडनचे रस्ते घोडागाड्यांनी तुंबले, म्हणून १८६३ साली तिथे पहिली भुयारी रेल्वे धावली, तीही वाफेच्या इंजिनावर. आधी लोकांनी टर उडवली. डब्यात धूर शिरायचा, माणसं खोकायची. रत्नाकर आणि मी, आम्ही दोघं खूश! पहिल्याच दिवशी हजारो लोकांची झुंबड उडाली, हेही तिने वाचलं. तिकडे आम्ही साफ दुर्लक्ष केलं.

मालकांची बायको प्रमोदिनी नर्स. जुलैत तिची नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा होती, सकाळी नऊला. चुकली तर नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर इकामा, म्हणजे इथे राहण्याची परवानगीही. ती मेट्रोने जाते म्हणाली. रत्नाकरनी उडवून लावलं, घरची गाडी असताना उंदरासारखं बिळात कशाला शिरायचं? मला काय गुदगुल्या झाल्या!

किंग फहद रस्त्यावर गाड्यांची रांग हलेना. एसी जोरात, ऊन सकाळीच रणरणतं. माझा तापमानाचा काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. झालं, मी बंद पडले. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. रत्नाकर बॉनेट उघडून नुसते बघत राहिले.

प्रमोदिनीने पर्स उचलली. "अहो, तुम्ही गाडी सांभाळा. मी निघाले," म्हणाली आणि समोरच्या स्टेशनात उतरली.

मला ओढून गॅरेजमध्ये नेलं होतं, संध्याकाळी ती तिथे आली. रत्नाकरना विचारायचा धीर होईना. शेवटी तीच म्हणाली, "वीस मिनिटं आधी पोचले. परीक्षा संगणकावर, निकाल लगेच लागला. पास झाले."

त्यांचे डोळे भरले. "माझ्या हट्टापायी तुझी नोकरी गेली असती," एवढंच बोलले. मग दोघं मेट्रोनेच घरी गेली. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

मित्रांनो, माझी कीव करू नका. गाडीत वेळेवर कूलंट तेवढं घाला. आणि नव्याला हसायचं तर खुशाल हसा, पण त्यासाठी दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका.