चाळिसावी टाचणी

डबीच्या झाकणावर तिनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं: चाळीस. शिवायला बसताना मोजायच्या, उठताना मोजायच्या. लेक रांगायला लागल्यापासूनचा हा नेम. सासूबाई हसायच्या, "संख्याशास्त्रात पदवी घेतलीस ती टाचण्या मोजायलाच वाटतं!"

आज एकोणचाळीसच भरल्या.

पिवळ्या काचेच्या डोक्याच्या टाचण्या. तिनं दहा-दहाचे ढीग लावले. शेवटच्या ढिगात नऊ. सतरंजीवर बसलेली लेक तोंडात काहीतरी चघळल्यासारखं करत होती. तिनं झडप घालून उचललं, तोंड उघडून खिडकीकडे धरलं. दोन दात आणि लाळ. लेक खोकली. मग पुन्हा खोकली.

"आई! अहो आई, लवकर या!"

सासूबाई ओल्या हातांनीच धावत आल्या. त्यांना पाहून लेक खिदळली. "पडली का?"

"एक टाचणी सापडत नाहीये. हिनं गिळली असेल तर?"

"अगं, टाचणी गिळलेलं पोर असं खिदळेल का?" असं म्हणाल्या खऱ्या, पण आवाज चिरकला.

डॉक्टर फोनवर म्हणाले, लगेच घेऊन या, तोवर खायला-प्यायला काही देऊ नका. मागवलेली गाडी यायला दहा मिनिटं होती. सासूबाई गुडघ्यांची तक्रार विसरून जमिनीवर बसल्या आणि शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक सतरंजीवरून फिरवू लागल्या. एक खिळा, एक हूक, केसांची पिन. लेक भुकेनं रडायला लागली. पदराशी झटणाऱ्या लेकीला पाजायचं नाही, म्हणजे तिच्याच जिवाचं पाणी पाणी.

टेबलावर नणंदेच्या नव्या घरासाठी शिवायला घेतलेला, टेबलावर अंथरायचा लांबट रनर पसरला होता. कामाची रीत सोपी. खाली अस्तर, त्यावर कापसाचा थर. नवी पट्टी आधीच्या पट्टीवर उलटी ठेवायची, टाचायची, सगळ्या थरांतून शिवायची, टाचण्या काढायच्या आणि पट्टी उलटून सरळ करायची. टाचण्या काढायच्या, मग उलटायची.

ती जागच्या जागी थबकली.

चौथी पट्टी शिवून झाली तेव्हा लेकीनं मशीनची वायर ओढली होती. ती धावली, वायर सोडवली, परत आली आणि... काढल्या होत्या का सगळ्या? आठवेना. त्या पट्टीवर तर पान जोडून झालं होतं, लेकीच्या पहिल्या झबल्यातून कापलेलं हिरवं पान, कडेनं बारीक टाके घालून. तिनं तळहातानं दाबून पाहिलं. मऊ. काहीच लागेना.

"आई, चुंबक द्या."

पहिली पट्टी, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पानावर आल्यावर चुंबक बोटांतून ओढल्यासारखं झालं. तिनं ते उचललं, तसं कापडही सोबत उचललं गेलं.

"कात्री लाव!" सासूबाई ओरडल्या. "उसवत काय बसतेस!"

तिनं झबल्याचं पान मधोमध चिरलं, खालची पट्टी चिरली. कापसात बोटं घातली आणि "स्स" करून मागे घेतली. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला होता. दुसऱ्या हाताच्या चिमटीत टाचणी आली. सरळ, अख्खी, पिवळं डोकं शाबूत.

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "काय हे बाई. माझा जीव गेला होता."

डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, मग पाजा खुशाल. पण खोकला पुन्हा आला किंवा श्वास लागला तर आणा. गाडी परत पाठवली, सगळ्या टाचण्या डबीत भरल्या. मग तिनं लेकीला पाजायला घेतलं. रनर टेबलावर तसाच होता, पानाच्या चिरेतून कापूस बाहेर आलेला.

दूध पिता पिता लेक खोकली. एकदाच, ठसका लागल्यासारखी.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सासूबाई काही हसल्या-बिसल्या नाहीत. त्यांनी डबी पुढे ओढली, टेबलावर उपडी केली आणि दहा-दहाचे ढीग लावायला घेतले.