पालथ्या बोर्डावरची विशाखा

मी कॅरम बोर्ड बोलतोय. पण सोंगट्या, स्ट्रायकर, बोरिक पावडर यांच्या गमतीजमती ऐकायला आला असाल तर निराश व्हाल. माझी पुढची बाजू चाळीचाळीतल्या बोर्डांसारखीच आहे. माझं आयुष्य घडलं आणि बिघडलं ते पाठीवर.

लालबागच्या एका सुताराने मला बनवलं आणि डिलाईल रोडच्या एका चाळीतल्या मंडळाने वर्गणी काढून विकत घेतलं. मंडळाची खोली एवढीशी, म्हणून मला गॅलरीत मांडायचे. पाळी सुटली की गिरणीच्या साच्याखात्यात मागावर काम करणारा रामदास यायचा. त्याचा मित्र रमाकांत त्याच मजल्यावरचा, बी.ए. झालेला आणि नोकरीच्या शोधात असलेला. खेळापेक्षा बोलण्यात हुशार.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्या थांबल्या. महिनाभरात संप मिटेल, असं सगळेच छातीठोक सांगत होते. तेव्हा मला दिवसभर उसंत नसायची. मग हळूहळू माणसं गावी जाऊ लागली. उरलेल्यांना सोंगट्या मारत बसायची लाज वाटू लागली, कारण घरातल्या बायका समोरून कामाला जात होत्या. रामदासची बायको बकुळा दादरला धुणीभांडी करायला लागली.

त्यांना एक मुलगी होती, विशाखा. नुकती शाळेत जाऊ लागलेली. दारात कुणीही आलं, मग ते युनियनचे म्हातारे पुढारी का असेनात, ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "जेवलास का?" घरात डब्यांचे तळ दिसत होते. बकुळा ओशाळून म्हणायची, "अगं, मोठ्यांना अरेतुरे करतात का?" पण पोरीची सवय गेली नाही. त्या पावसाळ्यात पोरगीच गेली. कावीळ झाली आणि इलाज उशिरा झाला. याहून जास्त मला सांगवत नाही.

बकुळाने बोलणं टाकलं. कामावर जायची, यायची, चूल पेटवायची, झालं.

दिवाळीच्या सुमाराला दौलत आला. हा रामदासचा मावसभाऊ, मालवाहू बोटीवर खलाशी. कुठल्याशा बंदरातून त्याने एक खोका आणला होता. आत इंग्रजी पुस्तिका आणि वीस तोंडांचा फासा. पट नव्हताच! एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. इंग्रजी फक्त रमाकांतला येत होतं, म्हणून गोष्ट सांगणारा तो. पट म्हणून मला पालथा घातला. संपाचे फलक रंगवून उरलेल्या रंगाने रामदासने माझ्या पाठीवर नद्या, जंगल आणि बंद वेशीचं एक शहर काढलं. माझ्या आडव्या पट्टीला ते डोंगर म्हणायचे. माणसं मात्र खडूच्या ठिपक्यांची, पुढे सरकली की पुसून पुन्हा काढता यावीत म्हणून.

रामदासने बायकोला ओढूनच बसवलं. रमाकांतने विचारलं, "वहिनी, खेळातल्या तुमच्या बाईचं नाव काय?"

बकुळाने माझ्या पाठीवरच्या नदीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "विशाखा. सोळा वर्सांची हाय."

रामदासने मान फिरवली.

पुढे तो खेळ हिवाळाभर चालला. पुस्तिकेतले राक्षस, मंत्र, तलवारी सगळं होतं. पण खरा खेळ बकुळाचा. तिची विशाखा चिंचा पाडायची, नदीला शिव्या द्यायची, वाटेत कुणी रडताना दिसलं की थांबायची. शहराच्या वेशीवर एक राक्षस होता. रामदास म्हणाला, "मार त्याला." बकुळाने फासा उचललाच नाही. राक्षसाकडे मान वर करून तिने विचारलं, "जेवलास का?"

रमाकांतच्या अंगावर काटा आला. मी पाहिला, त्याचा हात माझ्यावरच टेकलेला होता. त्याने राक्षसाला रडवलं आणि वेस उघडली. विशाखा वेशीतून पार झाली. बकुळाने पलीकडे खडूचा ठिपका दिला आणि कित्येक महिन्यांनी ती हसली. एवढ्यासाठी मी रमाकांतचा ऋणी होतो. होतो!

तो शेवटचा डाव ठरला. दौलत बोटीवर गेला. रमाकांतला नोकरी लागली आणि तो दादरला राहायला गेला. संप कधी संपला ते कुणी सांगितलंच नाही, पण गिरणीने रामदासला परत घेतलं नाही. मंडळाच्या खोलीला कुलूप लागलं, तेव्हा बकुळाने मला घरात नेलं आणि जुन्या चादरीत गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवलं. ठिपक्याला तिने कुणाचा हात लागू दिला नाही.

काही वर्षांनी रमाकांत पेढे घेऊन आला. त्याची अद्भुत कादंबरी छापायला निघाली होती. मला खाली काढून भिंतीशी उभा केला होता, त्यामुळे सगळं माझ्यासमोरच झालं.

"जाम डोकं गेलं रे," तो रामदासला सांगत होता. "प्रकाशकाने वकील बसवला. राक्षसांची नावं, मंत्रांची नावं, त्या पुस्तिकेतलं जे जे म्हणून होतं ते सगळं बदलायला लावलं. खेळाची कंपनी परदेशातली, नोटीस आली तर प्रकाशक बुडेल. मी सगळं नव्याने लिहिलं. आता कुणाची एक ओळ सापडायची नाही."

"आन विशाखा?" बकुळाने विचारलं.

"ती आहे ना वहिनी! तीच तर नायिका. तो 'जेवलास का' वाला प्रसंग वाचून प्रकाशक रडला." मग जरा चाचरत म्हणाला, "शेवटी ती मरते. वाचकाला चटका बसला पाहिजे ना."

बकुळा उठून उभी राहिली. "ती मरत न्हाई. तुमीच वेस उघडली व्हती. भावजी, मरायची आसंल तर नाव बदला. दुसरं कायबी ठेवा."

"अहो, विशाखा हे नक्षत्राचं नाव आहे, ते काय कुणाच्या एकाच्या मालकीचं असतं? वकिलालाही विचारलंय मी. नावावर हक्क नसतो, कल्पनेवर नसतो. आणि तुम्ही तर नुसतं बोललात. लिहिलंय मी."

"कंपनीची नावं बदलली नव्हं?"

"कंपनी कोर्टात जाईल, वहिनी."

हे तो अगदी सरळपणे म्हणाला. त्याला त्यात काही गैर वाटलं नाही. कायद्याने तो बरोबरही असेल. मला कायदा कळत नाही, लाकूड आहे मी. पण भीती वाटते तिथे माणूस किती बारकाईने प्रामाणिक होतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. रामदास खाली मान घालून पेढ्याच्या खोक्याकडे बघत राहिला. मला त्याचाही राग आला.

पुस्तक धडाक्यात खपलं. मनोगतात आभार होते, त्यात 'चाळीतले सवंगडी' असे दोन शब्द. एवढ्यावर सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली. शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुली वेशीचा प्रवेश करू लागल्या. राक्षसाला जेवलास का विचारायचं, मग पुढच्या अंकात मरायचं, आणि टाळ्या.

मग रमाकांतला माझी आठवण झाली. मला न्यायला मात्र त्याने रीतसर परवानगी काढली. मंडळाच्या उरल्यासुरल्या पदाधिकाऱ्यांना अर्ज दिला, बदल्यात नवाकोरा बोर्ड दिला, सह्या घेतल्या.

मला दाराबाहेर काढताना बकुळा आडवी आली. पदराचं टोक तिने थुंकीने ओलं केलं होतं. "भावजी, बाकी समदं न्या. हा ठिपका तेवढा पुसू का? फुडं जाऊ दे तिला."

"नको नको, वहिनी!" त्याने तिचा हात धरला. "ओरिजिनल आहे. राहू दे."

आता मी दादरला त्याच्या दिवाणखान्यात टांगलेला आहे, पाठ पुढे करून, वर काच आणि छोटा दिवा. लोक येतात, वाकून नकाशा बघतात. परवा एका बाईंनी विचारलं, "विशाखाला का हो मारलंत?" तो म्हणाला, "कथेची गरज होती." बाईंना ते पटलं.

तुमच्यापैकी कुणी तिथे चहाला गेलात आणि तो आत उठून गेला, तर माझं एवढं काम करा. काच खालून सैल आहे. वेशीच्या पलीकडे, डोंगराच्या जरा वर, खडूचा एक ठिपका दिसेल. बोट ओलं करा आणि तेवढा पुसून टाका. मग डिलाईल रोडला जाऊन बकुळाला सांगा, की पोरीला सोडवलं. आणि परवानगी वगैरे मागत बसू नका. विशाखाला नेताना त्याने तरी कुठे मागितली होती?