सात बेटांच्या राणीचा साखरपुडा

साखरपुड्याचं ताट पुढं आलं आणि रिया घुमायला लागली. बेलपाड्यात तिच्या बापाच्या, कुंदनच्या घरी पाहुणे दाटीवाटीनं बसले होते. मुलाकडचे मोऱ्याहून आलेले. नवरा मुलगा प्रितेश नव्या सदऱ्यात घामेजलेला. रियानं केस सोडले, मान गरगरा फिरवली, दातओठ आवळून हुंकार दिला. बायका मागं सरकल्या. कुणीतरी हळदकुंकू आणायला धावलं.

कोपऱ्यातून दमयंती उठली. ती रियाची आजी, कुंदनची आई. गावदेवी यायची ती तिच्या अंगात, आणि दुसऱ्या कुणाला वारं आलं तर खरंखोटं विचारायचा मानही तिचाच. पोरीला अठरा वर्षं पूर्ण झाली तसा कुंदननं मोऱ्याला शब्द देऊन टाकला होता. मला शिकायचंय म्हणाली, तर मोबाइल काढून घेतला. गेले कित्येक दिवस ती धड जेवत नव्हती.

"कोन हाय तू? नाव सांग," दमयंतीनं रिवाजाप्रमाणं विचारलं.

"धूम्रलेखा!"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. हे नाव दमयंतीनं ऐकलेलं होतं. रिया मोबाइलवर एक गोष्ट लिहायची, आणि आजी सुकट निवडत बसली की तिला वाचून दाखवायची. धूम्रलेखा ही त्यातली सात बेटांची राणी. त्या गोष्टीत बायका दोनच जातीच्या: एक सिंहासनावर बसलेली, दुसरी देवळात दिवा सांभाळणारी. दोघींनाही हात लावायची कुणाची छाती नव्हती. "तुझ्या बेटांवर मासली कोन साफ करतं गो?" असं दमयंतीनं विचारलं होतं, तेव्हा पोरगी हसून हसून आडवी झाली होती.

"ठिकाण कुठलं तुझं?" प्रितेशचा बाप धर्मराज मधेच बोलला.

"सात बेटं! माझ्या सिंहासनाला पुरुषाचा स्पर्श चालणार नाही!"

"आयला, ही देवी तर टीव्हीवरची दिसते," धर्मराज म्हणाला. "बोलते कशी बघा, शाळेतल्या बाईंसारखी!"

पाहुण्यांत खसखस पिकली. कुंदनचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"आये, तू सांग," तो म्हणाला. "खरी असंल तर मी पावन्यांच्या पाया पडतो, लगीन मोडतो. पन नाटक असंल तर टिला आताच लागंल. नि हिला पुना उंबऱ्याभायेर सोडनार नाय."

रियानं मान फिरवता फिरवता आजीकडं पाहिलं. तेवढ्या नजरेत सगळं होतं.

खरी म्हणावं तर उद्यापासून पोरीला देवी म्हणून पाटावर बसवतील. लिंबू-नारळ घेऊन माणसं दारात उभी राहतील. कॉलेज राहिलं बाजूला, तिच्यासमोर कुणी मोठ्यानं हसणारही नाही. दमयंतीला हे ठाऊक होतं. नवरा गेला त्या वर्षी तिला असंच बसवलं होतं. तेव्हा लहानगा कुंदन मांडीवर यायच्या आधी लांबूनच विचारायचा, "आये, आता तू हाईस का देवी?"

आणि खोटी म्हणावं, तर टिळा समोरच्या ताटात तयार होता.

तिनं डोळे मिटले. ये गो माय, एकदा ये, तूच सांग यांना. ती थांबली. काहीच आलं नाही. बाहेर टॉवरच्या कामाचं यंत्र घरघरत होतं, आत कुणाचं तरी पोर किरकिरत होतं.

मग दमयंतीनं आपला अंबाडा सोडला. एरवी अंग कापायला लागायचं, ते आपसूक लागायचं. आज ते कापवावं लागलं. घशातून आवाज ओढून काढावा लागला.

"पोरीच्या अंगात कोन नाय! मी हाय हितं!"

सगळं घर खाली वाकलं. रियाही वाकली, तोंड हातांत लपवून.

"ही पोर माझी हाय. तिच्या मनाविरुद टिला लावशील, तर तुजी होडी पान्यात ठरनार नाय!"

धर्मराजचं हसू कुठल्या कुठं गेलं. तरी माणूस व्यवहारी. हात जोडून म्हणाला, "चुकलं आये. पन शब्द झालाय. काय घेशील नि वाट मोकली करशील? बोकड? साडी-चोली?"

रीतच तशी होती. देवी अडवते ती काहीतरी घेण्यासाठी. न मागणाऱ्या देवीवर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि मागितलेलं दिलं की ती वाट सोडते. काय मागावं ते दमयंतीला सुचेना. बोकड म्हटलं तर उद्या बोकड दारात येईल आणि परवा नवरदेव. घाम डोळ्यांत उतरला. तोंड उघडलं, आणि जे निघालं ते तिनं योजलेलं नव्हतं.

"काय नको तुमचं. मीच माजं झाड सोडून जाते. आता या दमयंतीच्या अंगात पुना येनार नाय."

देवी ज्या अंगात येते त्याला तिथं झाड म्हणतात. बायकांनी हंबरडा फोडला. धर्मराज उठला, त्याच्या मागोमाग सगळे उठले. एवढं मोल देऊन देवीनं सोडवलेली पोर घरात न्यायची कुणाची छाती नव्हती. पाहुणे न जेवता गेले. कुंदन दाराला टेकून उभा होता. आईकडं न बघता म्हणाला, "गावाला काय तोंड दाखवू आता?" आणि बाहेर निघून गेला.

रियानं पाण्याचा तांब्या आणला. "आजी," ती कुजबुजली, "खरंच आली होती?"

"नाय."

"मग तू बोललीस ते खोटंच ना? चैत्रात जत्रेला येईल ना ती?"

दमयंतीनं देव्हाऱ्याकडं पाहिलं. मनातल्या मनात हाक मारली, मग ओठ हलवून मारली. एवढी वर्षं हाकेसरशी मानेच्या मागं काहीतरी सरसरायचं, देवी येवो न येवो. आता तिथं नुसता घाम सुकत होता. तिनं पुन्हा हाक मारली. तिनं रियाचं मनगट धरलं.

"आजी, हात दुखतोय."

दमयंतीनं सोडला नाही.