पोतंभर शुक्रवार

सरकारने येता शुक्रवार रद्द केला. समुद्रापलीकडच्या ज्या देशांशी आपला व्यापार, त्यांचा वार आपल्यापुढे एक दिवस. त्यांना गाठायचं म्हणून सगळ्यांनी गुरुवारी झोपायचं आणि थेट शनिवारी उठायचं. व्यापाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. त्यांच्या बापाचं काय जातंय?

आमच्या छापखान्यात रोज पान फाडायच्या कॅलेंडरांचे गठ्ठे तयार होते. मी बाइंडिंगला. हुकूम आला : पिना उचका, शुक्रवार ओढा, परत पिना मारा. दुपारपर्यंत पायाशी पोतंभर शुक्रवार जमले.

"तोंड कशाला पाडतोस?" मशीनवाले काका म्हणाले. "पूर्वी एका धर्मगुरूने दहा दिवस एका फटक्यात गाळले होते. वर्ष म्हणजे मोठ्यांचं शेत. वाटेल तिथे बांध सरकवतात."

"बांध सरकला तर शेजाऱ्याशी भांडता तरी येतं, काका. इथे कुणाची गचांडी धरू?"

माझा धाकटा भाऊ तुरुंगात आहे. संपात दगड मारला म्हणे. भेट फक्त शुक्रवारी. शनिवारी पहाटे त्याला बेटावरच्या तुरुंगात हलवणार होते, आणि तिथे भेटच नसते. म्हणजे आईच्या वाट्याला हाच एक शुक्रवार होता.

गुरुवारी तिला घेऊन तुरुंगाच्या फाटकावर गेलो.

"मावशी, आज गुरुवार," पहारेकरी म्हणाला.

"ठाऊक आहे रे बाबा. उद्याचं आज कर."

"भेट शुक्रवारीच. नियम आहे."

"अरे, उद्या शुक्रवारच नाही ना!"

"मग पुढच्या शुक्रवारी या."

"तोवर तो असेल का इथे?"

"छे. त्याला शनिवारी हलवणार."

"शनिवार बरा जागेवर राहिला तुमचा!" मी म्हणालो.

"आवाज खाली. शनिवार मी नाही ठेवला."

"बरं, मग एक दिवस शिक्षेतून तरी वजा करा."

तो हसला. "जो दिवस उगवलाच नाही, तो त्याने भोगला कधी?"

आईने पिशवीत हात घातला आणि एक पान काढलं. दुपारी मला छापखान्यात डबा द्यायला आली होती, तेव्हाच पोत्यातून उचललं असणार.

"हा घे शुक्रवार. खोटा नाही, तुमच्या सरकारनेच काढायला लावलाय. ठेव तुझ्याकडे आणि मला आत सोड."

आता तो हसला नाही. पान उलटसुलट पाहिलं, चुरगळू न देता परत केलं. "मावशी, मलाही पोरंबाळं आहेत. नोकरी जाईल."

शनिवारी पहाटे गाडी बाहेर पडली. तिला खिडकीच नव्हती. तो कुठल्या बाजूला बसलाय कळेना. आईने या बाजूने हात हलवला, मग धावत त्या बाजूला गेली. तोवर गाडी वळली होती.

घरी आल्यावर तिने भिंतीवरच्या, आमच्याच छापखान्यातल्या कॅलेंडरचा गुरुवार फाडला. खाली थेट शनिवार. तिने पिशवीतलं शुक्रवारचं पान माझ्या हातात दिलं.

"पिन मार. पक्की मार."

मारली. त्याहून जास्त मला काय येतं?

आता रोज सकाळी मी कॅलेंडरपाशी जातो. "फाडू नकोस," ती आतून ओरडते, "अजून भेट व्हायची आहे."