मागून नेलेलं मत

माझा धाकटा भाऊ इओतेबा याला ‘नाही’ म्हणता येत नाही. तसं ते आमच्या बेटावर कुणालाच धड येत नाही. नात्यातल्या माणसानं काही मागितलं की द्यायचं, याला आम्ही बुबुती म्हणतो. बुबुती नाकारणाऱ्याला मानेआबात, म्हणजे गावाच्या सभेच्या छपराखाली, मान वर करून बसता येत नाही. पण बाकीचे निदान चलाखी करतात. चांगला कंदील आणला की झाकून ठेवतात. आमचा शहाणा मात्र नवी सायकल घंटी वाजवत रस्त्यानं आणतो आणि घरी पायी पोचतो.

अशा माणसाला लोकांनी निवडून दिलं यात नवल नाही. तो आमच्या बेटातर्फे तारावाला, म्हणजे राजधानीत, संसदेत बसतो आणि परत येताना अंगावरचा सदरासुद्धा धावपट्टीवरच कुणाला तरी देऊन येतो. मी त्याला वाट्टेल ते बोलते, तो हसतो. त्याच्यावर फार वेळ चिडून राहणं मला कधी जमलेलं नाही.

एकदा मात्र त्याच्या या स्वभावापायी माझ्या तोंडचं पाणी पळालं. सरकारनं ठराव आणला होता की आमच्या बाजूच्या बेटांना फिरणारी बोट काढून घ्यायची आणि ट्यूना मासे पकडणाऱ्या परदेशी जहाजांवर नजर ठेवायला लावायची. ही बोट आमचं खोबरं नेते, तांदूळ आणते, आणि दुखणं हाताबाहेर गेलं तर माणूसही नेते. विमानाचं काय, आलं तर आलं. माझी मुलगी बाळंतपणात अडली तेव्हा ही बोटच तिला तारावाला घेऊन गेली. माझी नात तेरेतिया तिथल्या हॉस्पिटलात जन्मली. बोट नसती तर मी दोघींनाही घरामागच्या वाळूत पुरलं असतं.

ठराव आमच्या इओतेबाच्या एका मतावर अडला होता. आणि मंत्री बौरो बेटावर येणार होता. हा बौरो आमचा सख्खा मामेभाऊ. तो काय मागायला येतोय हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

त्या सकाळी इओतेबा नीरा काढायला माडावर चढला होता. एरवी वर गेला की गातो. आज गप्प.

“खाली उतर,” मी ओरडले.

“इथं बरा आहे.”

“बौरो जाईपर्यंत वरच राहणारेस का? जेवण दोरीनं पाठवू?”

“पाठव की. मासा भाजून पाठव.”

“चेष्टा पुरे. तो मागेल, तू देऊ नको.”

वर कोयतीचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, “ताई, मला झोप नाही गं. तेरेतियाचं तोंड डोळ्यांपुढं येतं. पण सगळ्या म्हाताऱ्यांसमोर मामाच्या पोरानं हात पसरला तर मी काय करू?”

 त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं. एकदा दिलेली वस्तू पुन्हा दुसऱ्याला कशी देणार? त्याची सायकल आज कुणी मागतं का?

“इओतेबा, बुबुती,” मी म्हणाले. “तुझं मत मला दे.”

 तो इतका हसला की थोडी नीरा माझ्या डोक्यावर सांडली.

“घे बाई,” तो म्हणाला. “नाहीतरी माझ्याकडं काय टिकलंय?”

बौरो आला. आम्ही त्याला फुलांचा मुकुट घातला, मानेला पावडर लावली, अत्तर फवारलं, पोटभर वाढलं. आपलाच तो. माणूस वाईट नाही. जहाजांच्या परवान्यांच्या पैशांवर शाळा चालतात, म्हाताऱ्यांना पेन्शन मिळते, चोरून मासे नेणाऱ्यांना कुणीतरी अडवायला हवं, हे त्यानं नीट सांगितलं आणि ते खरंच होतं. मग तो इओतेबाकडं वळला. “भाऊ, बुबुती. तुझं मत मला दे.”

“माझ्याकडं नाहीच ते,” इओतेबा म्हणाला. “ताईनं मागून नेलं.”

मानेआबा हसून लोटपोट. बौरोही हसला. मग माझ्याकडं वळून गोड आवाजात म्हणाला, “मग तिबाऊताई, तुझ्याकडं मागतो. बुबुती.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! तो इओतेबाचा मामेभाऊ, तसा माझाही.  सगळे माझ्याकडं बघत होते. मांडीवर तेरेतिया होती. तिनं माझ्या गळ्यातल्या हाराकडं दोन्ही हात पसरले.

“थांब,” मी म्हणाले, “ही आधी मागतेय.” हार काढून तिच्या हातात दिला. “घे बाळा. हार घे, मतही घे.”

“तिनं हार मागितला!” बौरो म्हणाला.

“तुला काय माहीत? तुला तिची भाषा कळते?”

बौरो हट्टी. उठून आला, नातीपुढं उकिडवा बसला. “तेरेतिया, आजोबा मागतोय. देतेस?”

तिनं त्याच्या डोक्यावरचा मुकुट धरला आणि ओढला. “बुबुती! बुबुती!” सगळा मानेआबा ओरडला. बौरोनं मुकुट सोडून दिला, करतो काय! पुढं बसलेले सगळ्यांत थोरले म्हातारबाबा खाकरले आणि म्हणाले, “पोरीला विचारलंय. ती तोंडानं उत्तर देईपर्यंत मत तिचं. तोवर इओतेबानं तिच्या भल्याचं बघावं.”

बौरो तिच्याकडं बघत राहिला. “ही बोटीनं गेली होती तीच ना?” त्यानं हळूच विचारलं. मी मान डोलावली. 

ठराव पडला. आम्ही रेडिओवर ऐकलं. त्या जहाजांवर नजर ठेवायला पुढं दुसरी बोट मिळवण्यासाठी बौरोच धडपडला, हेही सांगायला हवं.

पुढच्या वेळी विमान बंद होतं म्हणून तो आमच्याच बोटीनं आला. तेरेतिया तोवर चालायला लागली होती. धक्क्यावर उतरल्या उतरल्या तो तिच्यापुढं वाकला. “काय गं, माझं मत देतेस ना आता?”

“नाही,” तेरेतिया म्हणाली.

धक्का हसण्यानं दणाणला. इओतेबा तर पाण्यात पडायचा बाकी होता. आमच्या घरात तो शब्द तिला कुणी शिकवला, देव जाणे. मी तिला उचलून छातीशी धरलं आणि मला रडू आवरेना.